पुनर्विकासाआधी झाडांचे सर्वेक्षण: आमच्या सोसायटीचा अनुभव

आमच्या सोसायटीची नोंदणी १९७३ ची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यानंतर पुण्यातील अनेक कुटुंबे नदीकाठ सोडून पर्वतीच्या दक्षिणेकडे सरकली आणि त्याच ओघात पुढे काहीजणांनी एकत्र येऊन सुमारे साडेचार हजार चौरस मीटरचा हा भूखंड घेतला. त्यावर बिनलिफ्टच्या तीन मजली चार इमारती उभ्या राहिल्या. राहायला आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत संस्थापक सभासदांनी आवारात हौसेने झाडे लावली. आज त्या इमारतींचे स्लॅब गळतात आणि सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना जिने चढवत नाहीत. त्यामुळे पुनर्विकासाला पर्याय नव्हता आणि माझा त्याला विरोधही नव्हता. मात्र पुनर्विकास समितीत काम करताना झाडांची जबाबदारी मी मागून घेतली, आणि विकसक नेमण्यापूर्वी सोसायटीने स्वतःच्या खर्चाने झाडांचे तज्ज्ञांकडून सर्वेक्षण करून घ्यावे असा आग्रह धरला. त्या सर्वेक्षणापासून महापालिकेच्या परवानगीपर्यंतचा हा अनुभव आहे. आज पुण्यात गल्लोगल्ली हीच प्रक्रिया सुरू आहे आणि तिच्यातील झाडांचा भाग बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी, घाईघाईने उरकला जातो, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात पुनर्विकासाचे टप्पे ठरवून दिलेले आहेत. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा आणि मग निविदा काढायची. आमच्या व्यवहार्यता अहवालात चटई क्षेत्र (म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते), टीडीआर (म्हणजे दुसरीकडून विकत घेता येणारे बांधकामाचे हक्क), पार्किंगची संख्या यांचे तक्ते पानेच्या पाने होते. झाडांविषयी मात्र एवढीच ओळ होती की भूखंडावर अंदाजे चाळीस झाडे असून आवश्यकतेनुसार परवानगी घ्यावी. सोबतच्या प्राथमिक आराखड्यात झाडे म्हणून सारख्याच आकाराची हिरवी वर्तुळे काढलेली होती. पंचाहत्तर फूट पसरलेल्या वडाचे वर्तुळ आणि कुंपणाजवळच्या मनगटाएवढ्या सुबाभळीचे वर्तुळ यांत काहीच फरक नव्हता. अशा आराखड्यावर निविदा निघाली असती, तर प्रत्येक विकसकाने त्याच वर्तुळांवर इमारत, रॅम्प आणि टाक्या बसवून सभासदांना वाढीव जागेचे आकडे दिले असते. ते आकडे एकदा घरोघरी पोहोचले की मग एखाद्या झाडासाठी दहा फूटही कोणी सोडत नाही.

सर्वेक्षण कोणाकडून करून घ्यायचे हा पहिला प्रश्न होता. आम्ही दोन वेगळी कौशल्ये एकत्र मागितली. वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेली आणि नागरी भागातील झाडांच्या तपासणीचा अनुभव असलेली व्यक्ती हवी होती, आणि तिच्याबरोबर टोटल स्टेशनवर, म्हणजे कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या उपकरणावर, मोजणी करणारा भूमापक हवा होता. नुसता भूमापक झाड अचूक जागी दाखवतो, पण ते कोणते आहे आणि किती निरोगी आहे हे सांगू शकत नाही. नुसता वनस्पतितज्ज्ञ झाडाची कुंडली मांडतो, पण मोबाइलवरच्या जीपीएसने दाखवलेली जागा दाट पानांखाली पाच-दहा मीटरही चुकू शकते. इमारतीच्या सामासिक अंतराचा, म्हणजे तिच्याभोवती हद्दीपर्यंत मोकळ्या सोडायच्या जागेचा, हिशेब अर्ध्या मीटरवर अडतो, तिथे पाच मीटरची चूक म्हणजे झाडाचा जीव. आमच्याकडे आलेल्या तज्ज्ञ बाई तिशीतल्या होत्या. कामाच्या पत्रात आम्ही स्पष्ट लिहिले होते की अहवाल सोसायटीला द्यायचा, त्याची मालकी सोसायटीची राहील आणि तो निविदेला जोडला जाईल. ज्याला झाड नको आहे त्यानेच सर्वेक्षणाचे पैसे दिले, तर अहवालावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

प्रत्यक्ष काम ईशान्येच्या कोपऱ्यातून, घड्याळाच्या दिशेने सुरू झाले. प्रत्येक झाडाला पिवळ्या रंगात क्रमांक दिला गेला. पत्र्याचे बिल्ले खिळ्यांनी ठोकायला बाईंनी नकार दिला, कारण खिळ्याची जखम हीच बुरशीला आत शिरायची वाट असते. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या पातळीवर मोजला गेला. जिथे जमीन उतरती होती तिथे चढाच्या बाजूने माप घेतले, आणि जिथे खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगले होते तिथे प्रत्येक फाट्याचा घेर स्वतंत्र नोंदवला. उंची लेझर उपकरणाने मोजली. पर्णसंभाराचा विस्तार मात्र एका आकड्यात न लिहिता उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असा चारही दिशांना वेगवेगळा मोजला, आणि ते फार उपयोगी पडले. इमारतीलगत वाढलेली झाडे क्वचितच गोल असतात. आमचा एक पर्जन्यवृक्ष भिंतीच्या बाजूला जेमतेम तीन मीटर आणि रस्त्याच्या बाजूला अकरा मीटर पसरलेला निघाला. नवी इमारत नेमकी कोणत्या बाजूला सरकवता येईल, हे अशा मापांवरून कळते. सर्वांत खालच्या मोठ्या फांदीची उंची व दिशाही लिहून घेतली, कारण पुढे पाडकामाची पोकलेन आणि काँक्रीटचे मिक्सर त्याच फांदीखालून जाणार होते.

मोजणी संपली तेव्हा अंदाजे चाळीस झाडांच्या जागी त्रेसष्ट झाडे भरली. फरक मुख्यतः मागच्या अंगणातला होता. तिकडे कोणाचे फारसे जाणे-येणे नसल्याने पक्ष्यांनी आणि वाऱ्याने आणलेल्या बियांतून बरीच झाडे आपोआप वाढली होती. व्यवहार्यता अहवालात ज्यांना सरसकट 'जंगली' म्हटले होते, त्यांत वावळ, करंज आणि शिरीष निघाले. तिन्ही आपल्याच मातीतली झाडे आहेत आणि उन्हाळा निमूटपणे काढणारी आहेत. उलट ज्यांच्याविषयी सभासदांना सर्वाधिक जिव्हाळा होता ते दोन गुलमोहर आतून पोखरलेले होते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ असतात आणि लाकूड ठिसूळ असते. आमच्या दोन्ही गुलमोहरांच्या बुंध्याशी कानासारख्या आकाराच्या कडक, तपकिरी बुरशीची फळे आली होती. बाईंनी लाकडी हातोड्याने खोडावर ठोकून दाखवले. निरोगी भागात भरीव आवाज येत होता आणि बुंध्याशी पोकळ. त्यांनी निर्णय तिथेच सांगितला नाही. अहवालात मात्र ही दोन झाडे वर्दळीच्या जागी धोकादायक असल्याचे छायाचित्रांसह लिहिले. झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसांनाही हे ऐकावे लागते. प्रत्येक झाड वाचलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर ज्यांना वाचवणे खरोखर शक्य आहे त्यांची बाजू दुबळी होते.

आरोग्याच्या पाहणीत आणखी एक गोष्ट ठळकपणे समोर आली. झाडांची बहुतेक दुखणी आमच्या आवारातील गेल्या वीस वर्षांच्या 'सुधारणां'मधून आलेली होती. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले होते. वडाभोवतीच्या सिमेंटच्या पारात दीड फूट माती भरल्याने मूळचा बुंधा गाडला गेला होता. विजेच्या तारांसाठी छाटलेल्या फांद्यांची खुंटे वीतभर बाहेर तशीच सोडलेली होती, त्यामुळे जखमा भरून येण्याऐवजी सडत आत गेल्या होत्या. एका आंब्याच्या खोडावर भोके आणि त्यांखाली भुशाचा थर होता, म्हणजे खोडकिड्याचे काम. हे सारे तक्त्यात शेरा म्हणून आले आणि प्रत्येक शेऱ्यापुढे उपायही आला: पेव्हर किती काढायचे, पार कसा मोकळा करायचा, कोणती फांदी कुठून कापायची. पाहणीत पक्ष्यांच्याही नोंदी होत्या. शिरिषाच्या वाळक्या फांदीत तांबटाचे घरटे होते, आणि कुंपणाजवळच्या उंबराला फळे धरली की राखी धनेश येतात, हे आमच्या शेजारच्या काकांनी सांगितले आणि बाईंनी स्वतः पाहून मगच अहवालात घेतले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो झाडांच्या वयावर, आणि या मुद्द्याकडे सोसायट्यांचे सर्वांत कमी लक्ष असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. २०२१ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड हे वारसा वृक्ष ठरते, आणि झाड तोडण्याची परवानगी मिळाल्यास त्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावी लागतात. ती रोपे लावतानाच सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचे जिओ टॅगिंग, म्हणजे नकाशावर नेमक्या जागेची नोंद, व्हावे लागते आणि पुढची सात वर्षे ती जगवावी लागतात. म्हणजे वय ही आता केवळ कुतूहलाची बाब राहिलेली नाही, तिच्यावर सोसायटीची प्रत्यक्ष देणी ठरतात. आमची सोसायटी १९७३ ची, झाडे त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लावलेली. सर्वेक्षण झाले तेव्हा त्यांतील बरीचशी नेमकी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. साहजिकच समितीत काहींना वाटू लागले की वये जरा कमी लिहिली तर बरे.

वय ठरवायचे कसे? सागासारख्या मोजक्या झाडांत वार्षिक वर्तुळे स्पष्ट दिसतात. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत ती तशी मोजता येत नाहीत, आणि मोजण्यासाठी जिवंत खोडाला गिरमिटाने भोक पाडणे हेही त्याला इजा करणेच आहे. म्हणून घेरावरून अंदाज बांधतात. पण घेर प्रजातीनुसार किती फसवा असतो याचा पुरावा आमच्याच आवारात उभा होता. एकाच पावसाळ्यात लावलेल्या दोन झाडांपैकी पर्जन्यवृक्षाचा घेर २.८ मीटर होता, तर बकुळीचा एक मीटरही भरत नव्हता. दोन्ही झाडांना एकच गणित लावले असते, तर बकूळ कोवळी ठरली असती आणि तिच्या बदल्यात मूठभर रोपे लावून काम भागले असते. बाईंनी त्यामुळे घेराचा अंदाज आणि कागदोपत्री पुरावा असे दोन रकाने ठेवले आणि आम्हाला पुरावे शोधायला सांगितले. जुनी इतिवृत्ते काढली. रोपांसाठी खड्डे खणण्याचा आणि टँकरने पाणी आणण्याचा खर्च सत्तरच्या दशकातील ताळेबंदात सापडला. एका संस्थापक सभासदाच्या पत्नी, वय नव्वदीच्या पुढे, त्यांनी भूमिपूजनाचे कृष्णधवल छायाचित्र काढून दिले. त्यात मांडवाच्या मागे वड उभा होता, आणि तोही तेव्हाच मांडवाच्या दुप्पट उंचीचा. वडाचे वय पन्नासहून बरेच अधिक आहे याविषयी त्यानंतर कोणी शंका काढली नाही. वये कमी लिहावीत असे म्हणणाऱ्या सभासदांना बाईंनी शांतपणे एवढेच सांगितले, "काकू, काका, अंदाज कशावरून केला हे मला सही करून द्यायचे आहे. वृक्ष अधिकारी जागेवर येऊन बघतील, आणि हेच छायाचित्र उद्या हरकत घेणाऱ्याच्या हातातही असू शकते." त्यावर चर्चा थांबली आणि वये आहेत तशी लिहिली गेली.

यानंतर आला आराखड्याचा भाग. झाड वाचवायचे म्हणजे खोड वाचवायचे, असे आपण सहज धरून चालतो. पण पोषण करणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत आडवी पसरलेली असतात. पुण्यात तर मातीचा थर कमी, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असल्याने ती आणखीच उथळ आणि दूरवर जातात. मुळांभोवती किती जागा राखायची, याचा आधार म्हणून बाईंनी ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागी वापरले जाणारे बीएस ५८३७ हे मानक घेतले. छातीच्या पातळीवरील खोडाचा व्यास गुणिले बारा, इतक्या त्रिज्येचे वर्तुळ राखायचे आणि त्रिज्या कमाल पंधरा मीटर धरायची, असा त्याचा साधा नियम आहे. २.८ मीटर घेराच्या पर्जन्यवृक्षाचा व्यास ८९ सेंटिमीटर, म्हणून त्रिज्या १०.७ मीटर. दीड मीटर घेराच्या आंब्याची ५.७ मीटर. वडाचा मुख्य घेर ४.१ मीटर, म्हणजे त्रिज्या पंधरावर थांबते. हे मानक आपल्याकडे बंधनकारक नाही आणि ते थंड हवामानातल्या झाडांवरून बेतलेले आहे, हे अहवालातच नमूद होते. तरीही मोजमापाला काहीतरी आधार मिळाल्यावर वास्तुविशारदांशी बोलणे सोपे झाले. "झाडाला थोडे लांब ठेवा" या विनंतीचे संगणकावरील नकाशात एक रेषा म्हणून रूपांतर झाले आणि त्या रेषेला प्रत्येकाला उत्तर द्यावे लागले.

त्या रेषा प्राथमिक आराखड्यावर ठेवल्या तेव्हा मला जे दिसले ते मी अन्य सोसायट्यांना आवर्जून सांगते. इमारतीची मुख्य बाह्यरेषा थोड्याच झाडांच्या मुळांवर येत होती. खरा घाव घालणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच होत्या: जमिनीखालची पाण्याची टाकी, अग्निशमनाची टाकी, सांडपाणी प्रक्रियेचा खड्डा, पझल पार्किंगचा, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक रचायच्या व्यवस्थेचा, खड्डा, तळघराचा रॅम्प, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा आणि सर्वांत शेवटी कोणालाही न विचारता खणली जाणारी ड्रेनेजची चारी. यांतल्या बहुतेक गोष्टी आराखड्यात उरलेल्या मोकळ्या जागेत ढकलल्या जातात, आणि झाडे उभी असतात तीही त्याच जागेत. मंजूर नकाशावर झाड 'राखलेले' दिसते, त्याच्या खोडाला कोणी हात लावत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी ते शेंड्यापासून वाळत जाते. मी राहते त्या परिसरात अशी वाळलेली झाडे मी पाहिलेली आहेत. १९७५ च्या कायद्याने झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे धरलेले आहे. त्यामुळे मुळे तोडून सावकाश मारलेले झाडही कायद्याच्या दृष्टीने तोडलेलेच आहे, हा मुद्दा मी समितीच्या प्रत्येक बैठकीत मांडला.

वास्तुविशारदांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण एकदा मन घातल्यावर त्यांनी उत्तम काम केले, हे मी मोकळेपणाने नमूद करते. चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडात दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावीच लागते. ती आधी मागच्या कोपऱ्यात, निरुपयोगी त्रिकोणात दाखवली होती. ती पूर्वेला वडाभोवती आणली आणि वडाच्या वर्तुळाचा मोठा भाग कोणतेही चटई क्षेत्र न गमावता सुरक्षित झाला. पाण्याच्या दोन्ही टाक्या अंतर्गत रस्त्याखाली गेल्या. तो रस्ता अग्निशमन बंबासाठी सहा मीटर रुंद आणि ४५ टनांचा भार पेलणारा करावा लागतो, म्हणजे तिथली माती दाबली जाणारच होती. मग खणायचे तर तिथेच खणलेले बरे. रॅम्प दक्षिणेकडून पश्चिमेकडे वळवला, त्यामुळे एक पर्जन्यवृक्ष, तीन आंबे आणि बकुळीची रांग वाचली. दुसरा पर्जन्यवृक्ष मात्र वाचवता आला नाही. तो अगदी मध्यभागी होता आणि त्याच्यासाठी एक संपूर्ण जिना व लिफ्टचा गाभा हलवावा लागला असता. त्याच्यासाठी मी बरेच भांडले. त्याचे जाणे मला आजही मान्य नाही, पण ठराव बहुमताने झाला आणि तो मी पाळला.

त्याचे पुनर्रोपण करता येईल का, हे अर्थात विचारले. पुनर्रोपणाची सूचना बैठकीत फार लवकर पुढे येते, कारण तिने सर्वांच्या मनाला बरे वाटते. बाईंचे म्हणणे वेगळे होते. एवढ्या घेराच्या झाडाला आठ-नऊ मीटर व्यासाचा मुळांचा गोळा हवा, तो आमच्या गल्लीतून बाहेर निघणार नाही. त्याआधी काही महिने टप्प्याटप्प्याने चर खणून नवी मुळे फुटू द्यावी लागतात, नंतर दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी द्यावे लागते. यांतले काहीच न करता फांद्या भुंड्या करून क्रेनने उचललेले झाड नव्या जागी खांबासारखे उभे राहते आणि वाळते. म्हणून पुनर्रोपणासाठी फक्त तीन झाडे सुचवली गेली, दोन नारळ आणि एक तरुण उंबर. तीनही झाडे स्थलांतर सोसणाऱ्या जातींची आहेत आणि तीनही आमच्याच आवारात दुसरीकडे लावायची आहेत.

विशेष सर्वसाधारण सभेत निर्णायक ठरला तो हिशेबाचा एक कागद. मूळ आराखड्याप्रमाणे अडतीस झाडे तोडावी लागत होती आणि त्यांच्या वयांची बेरीज अकराशे चाळीस भरत होती. सुधारित आराखड्यात एकोणीस झाडे जात होती. त्यांत नऊ सुबाभळी, दोन पोखरलेले गुलमोहर, तो पर्जन्यवृक्ष आणि सात लहान झाडे होती, आणि वयांची बेरीज तीनशे दहा होती. अकराशे चाळीस रोपे घेणे, त्यांच्यासाठी जागा मिळवणे आणि सात वर्षे ती जगवणे याचा खर्च विकसक शेवटी आमच्याच वाढीव जागेतून वसूल करणार, हे सभासदांना सांगावे लागले नाही. सावलीचा, पक्ष्यांचा, उन्हाळ्यातल्या गारव्याचा मुद्दा मी आधी मांडला होता आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पण ज्यांना तो पटला नव्हता त्यांनीही या कागदावर हात वर केला. वयाचा रकाना प्रामाणिकपणे भरलेला नसता, तर हा हिशेब मांडताच आला नसता.

परवानगीचा अर्ज विकसकाची निवड झाल्यावर वृक्ष अधिकाऱ्यांकडे गेला. अर्जासोबत सर्वेक्षणाचा नकाशा, प्रत्येक झाडाचा क्रमांकनिहाय तक्ता, छायाचित्रे, आणि प्रत्येक तोडायच्या झाडापुढे ते का वाचवता येत नाही याचे लेखी कारण जोडले होते. उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांनी जागेवर पाहणी केली. क्रमांक रंगवलेले असल्यामुळे तक्ता हातात धरून झाडामागून झाड तपासता आले. कायद्याप्रमाणे वृत्तपत्रात जाहीर सूचना आली आणि तोडायच्या प्रत्येक झाडावर नोटीस लावली गेली. मुदतीत काही हरकती आल्या. त्यांतली एक जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीची होती. तिने शिरिषातल्या तांबटाचा उल्लेख केला होता. शिरीष तोडायच्या यादीत नव्हताच आणि वाळकी फांदीही, खाली वावर नसल्याने, तशीच ठेवायची असे अहवालात लिहिलेले होते. आम्ही तिला नकाशा दाखवला तेव्हा तिने आणखी एक उपयुक्त सूचना केली: मागच्या कुंपणाची भिंत सलग पाया न घालता खांबांवर घ्यावी, म्हणजे करंजांची मुळे तुटणार नाहीत. ती सूचना वास्तुविशारदांनी स्वीकारली. हरकती म्हणजे अडथळा असे समजून वैतागणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते. परवानगी अटींसह मिळाली आणि तोडायच्या झाडांच्या संख्येत बदल झाला नाही.

परवानगी हातात आल्यावर सर्वेक्षणाचे काम संपले असे मानले जाते. आमच्या तज्ज्ञ बाईंनी सर्वाधिक आग्रह धरला तो त्यानंतरच्या काळाविषयी, कारण झाडांचे सर्वांत मोठे नुकसान बांधकामापेक्षा पाडकामात होते. विकसन करारनाम्यात आम्ही काही कलमे घालून घेतली. राखलेल्या झाडांभोवती मुळांच्या वर्तुळाच्या कडेने पत्र्याचे पक्के कुंपण पाडकामाच्या आधी उभे राहील. त्या कुंपणाच्या आत राडारोडा, वाळू, खडी, मजुरांच्या झोपड्या यांतले काहीही येणार नाही आणि सिमेंटचे पाणी आत सोडले जाणार नाही. वर्तुळाच्या हद्दीत खणावेच लागले तर ते यंत्राने न खणता हाताने खणायचे, आणि पंचवीस मिलिमीटरपेक्षा जाड मूळ लागले तर तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तोडायचे नाही. पाण्याचे, विजेचे आणि ड्रेनेजचे मार्ग नंतर बदलले, तर तो बदल आधी झाडांच्या नकाशावर तपासला जाईल. देखरेखीच्या भेटींचे शुल्क विकसकाने द्यायचे, पण भेटीचा अहवाल थेट सोसायटीकडे येईल. या कलमांवर विकसकाच्या वकिलांशी बराच खल झाला. कुंपणाच्या कलमावर आम्ही तसूभर मागे हटलो नाही.

सध्या सर्व सभासद भाड्याच्या घरांत गेले आहेत आणि कुंपणे उभी आहेत. पार फोडून वडाचा बुंधा मोकळा केला आहे, आंब्यांवर खोडकिड्याचे उपचार झाले आहेत, आणि पोकलेनच्या मार्गातील दोन फांद्या योग्य जागी कापून घेतल्या आहेत. पाडकाम संपल्यावर राखलेल्या सर्व झाडांची पहिली फेरतपासणी होईल. त्या वेळी पर्णसंभाराची आणि शेंड्यांच्या वाळण्याची तुलना मूळ तक्त्याशी केली जाईल, आणि तो तक्ता विकसन करारनाम्याचे परिशिष्ट म्हणून नोंदवलेला आहे.